सहकारी शिक्षकाबद्दल पालकांनी तक्रार केली तर काय करावं? शिक्षकांना वारंवार पडणारे प्रश्न

पालक तक्रार घेऊन सहसा थेट मुख्याध्यापकांकडे जात नाहीत. ज्यांच्याशी बोलायला भीड वाटत नाही अशा बाईंकडे किंवा सरांकडे ते आधी येतात आणि दुसऱ्याच शिक्षकाबद्दल सांगतात. त्या क्षणी काय करायचं हे बीएडला कोणी शिकवत नाही. पुढची उत्तरं महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद, महापालिका, अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांना समोर ठेवून लिहिली आहेत.

शाळा सुटताना पालक फाटकापाशी गाठतात आणि दुसऱ्या शिक्षकाबद्दल बोलू लागतात. ऐकून घ्यावं की सरळ ऑफिसात पाठवावं?

ऐकून घ्यावं. निदान तक्रार कशाबद्दल आहे हे कळेपर्यंत तरी नक्कीच. वही तपासली नाही ही तक्रार वेगळी आणि मुलीला अमुक सरांच्या तासाला बसायची भीती वाटते ही वेगळी. पहिलं वाक्य ऐकताच ‘ते माझ्याकडे येत नाही, ऑफिसात जा’ म्हटलं, तर दुसरी तक्रार तुमच्या कानावर कधीच पडणार नाही. शाळेबद्दल बोलायला यायचं म्हणजे अनेक घरांत एक दिवसाची मजुरी बुडते, शिवाय ‘मास्तरांशी वाकडं घेतलं’ असं शेजारपाजारचे म्हणतात ते वेगळंच. असं परत पाठवलेलं माणूस पुन्हा येत नाही.

फाटक मात्र बोलायची जागा नव्हे. तिथे इतर पालकांचे कान असतात आणि ज्या मुलाबद्दल बोलायचं ते आईचं बोट धरून उभं असतं. रिकाम्या वर्गात बसवा, दार उघडं ठेवा, मुलाला मैदानावर खेळू द्या. तास सुरू व्हायचा असेल तर ‘मधल्या सुट्टीत येता का, नीट बोलू’ असं सांगा आणि त्या वेळेला खरोखर मोकळे राहा.

ऐकताना काय बोलावं आणि काय बोलू नये?

बहुतेक प्रकरणं इथेच चिघळतात, म्हणून हे उत्तर सविस्तर देते.

दोन वाक्यं जिभेवर येऊ देऊ नका. पहिलं, ‘हो, त्यांचं तसंच आहे, आम्हीही वैतागलोय.’ पालकांना बरं वाटेल, पण संध्याकाळपर्यंत ‘शाळेतल्या बाईच म्हणाल्या’ असं होऊन ते वाक्य गावभर फिरेल. दुसरं, ‘छे हो, सर फार चांगले आहेत, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय.’ यात तुम्ही एका फटक्यात पालकांना खोटं ठरवलंत आणि तुम्हाला खरं काय ते ठाऊकही नाही. ऐकून घेणं तुमचं काम आहे, निकाल देणं नाही. पालकांसमोर ही दोन कामं वेगळी ठेवता आली की बाकीचं पुष्कळ सोपं जातं.

मग बोलायचं काय? प्रश्न विचारायचे, तेही साधे. हे कधी झालं? मुलाने स्वतः सांगितलं की दुसऱ्या कोणाकडून कळलं? त्या शिक्षकांशी तुम्ही बोललात का? तुम्हाला काय व्हावं असं वाटतं? हा शेवटचा प्रश्न फार उपयोगी आहे. रागाने आलेल्या वडिलांना पुष्कळदा एवढंच हवं असतं की मुलाला पुढच्या बाकावर बसवावं किंवा गृहपाठ डायरीत लिहून द्यावा. शिक्षकाला शिक्षा व्हावी असं सगळ्यांच्या मनात नसतं.

शेवटी ऐकलेलं त्यांना परत सांगा. ‘म्हणजे गेल्या मंगळवारी चाचणीच्या वेळी सर त्याला सगळ्यांसमोर असं बोलले, असं तुमचं म्हणणं आहे, बरोबर?’ यातला ‘तुमचं म्हणणं’ हा भाग गाळू नका. आणि मान डोलावणं जपून. ती आपली सवय असते, पण समोरच्याला तो होकार वाटतो.

‘आमचं नाव सांगू नका’ असं पालक म्हणाले तर?

वचन देऊ नका. वर्गात ज्याची वही फाडली गेली ते मूल एकच असतं, त्यामुळे नाव न घेताही ओळख पटते. शिवाय लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर गप्प राहायची मुभा तुम्हाला कायदाच देत नाही. ‘गरज नसेल तिथे नाव घेणार नाही, पण मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर सांगावंच लागेल’ हे आधीच स्पष्ट बोलावं. तक्रार केल्यामुळे मुलाला त्रास होईल ही त्यांची भीती खरी असते. तिला हसून उडवून लावू नका.

ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्या सहकाऱ्याला सांगावं का?

तक्रार साध्या स्वरूपाची असेल, म्हणजे गृहपाठ, तपासणी, शिकवण्याचा वेग, बसण्याची जागा, बोलण्याचा सूर अशी, तर हो. आणि लवकर. तुम्हाला चार दिवस आधी माहीत होतं हे त्यांना दुसऱ्याकडून कळलं, तर तक्रारीपेक्षा तेच जास्त लागतं.

एकांतात सांगा. शिक्षक खोलीत सगळे डबे उघडून बसलेले असताना नाही, शिपाईमामा चहा घेऊन आत-बाहेर करत असताना नाही. ‘सर, सातवी ब मधल्या एका पालकांनी मला थांबवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की दोन आठवडे वह्या परत मिळालेल्या नाहीत. मी ऐकून घेतलं आणि तुमच्याशीच बोला असं सुचवलं. तुमच्या कानावर असावं म्हणून सांगते.’ इतकंच. ‘लोक तुमच्याबद्दल काय काय बोलतात’ असं मोघम बोललात तर समोरच्याला फक्त लाज वाटते, सुधारायचं काय ते कळत नाही.

सहकारी वयाने आणि नोकरीने मोठे असतील तर जड जातं. पंचवीस वर्षं शिकवलेल्या मॅडमना नव्या शिक्षणसेवकाने हे कसं सांगायचं? अशा वेळी पर्यवेक्षकांना किंवा मुख्याध्यापकांना मध्ये घ्यावं. त्यात कमीपणा नाही.

तक्रार मारहाणीची किंवा लैंगिक त्रासाची असेल तर मात्र सहकाऱ्याशी एक शब्दही बोलू नका. त्याविषयी पुढे लिहिलं आहे.

कुठल्या गोष्टी मुख्याध्यापकांकडे न्यायच्याच?

तीच तक्रार दुसऱ्या पालकांकडूनही आली, पालकांनी लेखी दिलं, पैशांचा संबंध असला, मूल शाळेत यायचं बंद झालं किंवा सहकाऱ्याला सांगूनही फरक पडला नाही, तर न्यायचंच. लेखी अर्ज स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा नाही. तो त्याच दिवशी कार्यालयात देऊन आवक नोंदवहीत चढवायचा आणि पालकांना पोच मिळेल असं बघायचं.

सर मारतात किंवा सगळ्यांसमोर अपमान करतात अशी तक्रार आली तर?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, म्हणजे आरटीई, हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे आणि तसं करणारा शिक्षक सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. हा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. म्हणून नववी-दहावीत मारायला मोकळीक असते असं नव्हे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधली मुलांशी क्रूर वागण्याबद्दलची शिक्षा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना लागू आहे.

‘तुम्हीच मारा त्याला, आमचं ऐकत नाही’ असं सांगणारे पालकही भेटतात. पालकांच्या अशा परवानगीला काही किंमत नाही. मानसिक छळाकडे तर आपण फार सहज दुर्लक्ष करतो. पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलाला ‘आरटीईवाला’ म्हणून हाक मारणं, रंगावरून किंवा आईवडिलांच्या कामावरून बोलणं, फी राहिली म्हणून वर्गात उभं करणं हे सगळं त्यात येतं. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ न देणं ही याच कायद्याने सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली जबाबदारी आहे. जातीवरून अपमान झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो.

अशी तक्रार त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवावी. मुलाच्या अंगावर वळ असेल तर आधी डॉक्टर, मग कागद.

लैंगिक त्रासाची शंका असेल तर?

या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहायला हवं.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सो, याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडला आहे हे ज्याला माहीत आहे, किंवा घडण्याची शक्यता आहे असं ज्याला वाटतं, त्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं असतं. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असं आहे, नुसतं ‘मुख्याध्यापक’ असं नाही. ‘मी मोठ्या सरांना सांगितलं होतं, पुढचं त्यांनी बघायचं’ एवढ्याने तुमची जबाबदारी संपली असं धरून चालू नका. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर कैद एक वर्षापर्यंत जाते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असंही याच कायद्यात लिहिलं आहे.

‘आधी आपण खात्री करू, मग बघू’ हा विचार मनात येतो. शाळेचं नाव, सहकाऱ्याचा संसार, उद्या खोटं निघालं तर, हे सगळं डोळ्यांसमोर येतं. तरीही खात्री करणं तुमचं काम नाही. तुम्ही मुलीला चार वेळा तेच सांगायला लावलंत तर तिला चार वेळा तेच भोगावं लागतं आणि पुढे तिच्या जबाबावरही परिणाम होतो. तिने आपणहून जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. ‘तू सांगितलंस हे बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही’ एवढं तिला म्हणा आणि थांबा. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांना सूचना द्यायची नाही आणि समोरासमोर बसवून खुलासा तर अजिबात मागायचा नाही.

पालक पोलीस ठाण्याच्या नुसत्या नावाने घाबरतात. त्यांना सांगा की मुलाचा जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, त्या वेळी अंगावर गणवेश नसतो आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ वर, तातडीच्या वेळी ११२ वर फोन करता येतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा अत्याचार करणाऱ्याइतकाच राग शाळेवर आणि पोलिसांवर होता, कारण पालकांच्या म्हणण्याची वेळेवर दखल घेतली गेली नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या मुली चार वर्षांच्या आसपासच्या होत्या. अशा वयाची मुलं मोठ्यांकडे अर्ज घेऊन येत नाहीत, त्यांच्या आया येतात. म्हणून आईचं बोलणं अर्ध्यावर तोडायचं नसतं.

तुमच्या शाळेत सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) आणि तक्रारपेटी आहे का, आणि ती पेटी उघडली जाते का, हे आजच बघून घ्या.

गुणांबद्दल तक्रार असेल आणि पालक मला उत्तरपत्रिका बघायला सांगत असतील तर?

बघू नका. दुसऱ्याने तपासलेल्या पेपरवर ‘इथे दोन गुण मिळायला हवे होते’ असं तुम्ही म्हणालात की तो वाद तुमच्या दोघांचा होतो. विषयशिक्षकांकडे उत्तरपत्रिका बघण्याची वेळ ठरवून द्या आणि तिथेच थांबा.

‘शिकवणीला आलं तरच गुण देतात’ असं पालक सांगतात.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला मनाई करतं. शाळेतल्याच मुलांना घरी बोलावून शिकवणी घेतली जात असेल आणि त्यावर अंतर्गत चाचणीचे गुण ठरत असतील तर ही तक्रार दोघांत मिटवायची नाही. पालकांना लेखी द्यायला सांगा, स्वतः मुख्याध्यापकांना सांगा. ‘सगळेच घेतात’ हे उत्तर शिक्षक खोलीत चालून जातं, ज्याला ती फी परवडत नाही त्या बापासमोर चालत नाही.

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहकाऱ्याबद्दल लिहिलं जात आहे आणि मी त्या ग्रुपमध्ये आहे.

तिथे बाजू मांडू नका, अंगठ्याचं चिन्हही टाकू नका. एक ओळ पुरे: ‘याविषयी कृपया मुख्याध्यापकांना भेटा, इथे कोणाच्याही मुलाचं नाव लिहू नका.’ मग स्क्रीनशॉट मुख्याध्यापकांना द्या, इतर शिक्षकांना पाठवू नका. पालकांना हेही समजावून सांगावं की अधिकार असलेल्या व्यक्तीकडे चांगल्या हेतूने केलेल्या तक्रारीला बदनामीच्या कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, अपवाद म्हणून संरक्षण आहे. दोनशे जणांच्या ग्रुपवर लिहिलेल्या मजकुराला ते मिळेलच असं नाही.

मुख्याध्यापक किंवा संस्थाचालक तक्रार दाबत असतील तर?

पोक्सोचा विषय असेल तर कोणाची वाट बघायची नाही. इतर बाबतीत पालकांना पुढची वाट दाखवणं हा फितुरीचा प्रकार नव्हे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा आहे. तिथून जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी असा क्रम लागतो. शिक्षण हक्काविषयीची लेखी तक्रार कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते. दोन्ही बाजू ऐकून तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

चौकशी लागली तर सहकाऱ्याचं काय होतं? मला साक्षीला बोलावतील का?

नुसत्या तक्रारीवर कोणाची नोकरी जात नाही, हे पालकांनाही आणि घाबरलेल्या सहकाऱ्यालाही सांगण्यासारखं आहे. खाजगी शाळांना १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. आधी आरोप लेखी कळवून खुलासा मागवला जातो. मोठी शिक्षा द्यायची असेल तर तीन जणांची चौकशी समिती नेमावी लागते: एक व्यवस्थापनाचा, एक त्या शिक्षकाने सुचवलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. बडतर्फी झाली तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६४ चे शिस्त व अपील नियम आहेत.

साक्षीला बोलावलं तर ‘अमुक तारखेला पालकांनी मला असं सांगितलं, मी त्याच दिवशी असं कळवलं’ एवढंच सांगा. मनाने भर घालू नका आणि मैत्रीपोटी वगळूही नका. त्यासाठी त्याच दिवशी लिहून ठेवलेली चार ओळींची नोंद हवी: तारीख, वेळ, पालकांचे शब्द, तुम्ही काय केलंत. ‘पालक भांडखोर आहेत’ असले शेरे त्यात नकोत.

तक्रार खोटी किंवा गावच्या राजकारणातून आलेली असेल तर?

असं होतं. पोषण आहाराचं काम कोणाला दिलं, निवडणुकीच्या कामात कोणाचं ऐकलं नाही, असली कारणं तक्रारीमागे असतात आणि चांगल्या शिक्षकाला त्याची झळ बसते. त्यावर उपाय हाच की प्रत्येक तक्रार त्याच पद्धतीने हाताळायची. नोंद, तारीख, खुलासा, उत्तर. ‘हे पालक नेहमीचेच’ म्हणून एखादी तक्रार बाजूला टाकली, तर खरी निघाल्यावर तुमच्याकडे सांगायला काही उरत नाही. सहकारी निर्दोष ठरले तर तसं लेखी पत्र त्यांना मिळावं असा आग्रह मुख्याध्यापकांकडे धरा. हे आपल्याकडे क्वचितच होतं, आणि व्हायला हवं.

सहकारी माझी जवळची मैत्रीण आहे. मी या सगळ्यातून बाजूला होऊ शकते का?

साध्या तक्रारीत हो. ‘त्या माझ्या मैत्रीण आहेत, म्हणून तुम्ही पर्यवेक्षकांशी बोललेलं बरं’ असं पालकांना सरळ सांगा. मुलाच्या सुरक्षिततेच्या प्रकरणात नाही. मैत्रीण म्हणून तुम्ही पुढे तिच्यासोबत वकिलाकडे जाऊ शकता, तिच्या घरी जाऊन बसू शकता. ऐकलेलं लपवू शकत नाही.

माझंच मूल या शाळेत आहे आणि माझीच तक्रार आहे.

मग तुम्ही पालक आहात. पालकसभेच्या वेळी भेटा किंवा वेळ मागून घ्या. शिक्षक खोलीत येता-जाता टोमणा मारून विषय काढू नका आणि हजेरीपत्रक किंवा गुणपत्रक उघडून बघू नका, ती सोय इतर पालकांना नसते.

सगळं मिटल्यावर त्या मुलाकडे कसं बघावं?

पालकांनी तक्रार केली हे मुलाला बहुतेक वेळा माहीत असतं आणि शिक्षक खोलीतही सगळ्यांना माहीत होतं. पुढचे काही आठवडे त्या मुलाच्या वाट्याला काय येतं याकडे लक्ष ठेवा. परिपाठात त्याला बोलायला मिळतं का, स्नेहसंमेलनाच्या नाचातून त्याचं नाव गळलं का, तोंडी परीक्षेचे आणि प्रकल्पाचे गुण एकाएकी खाली आले का. त्या शिक्षकांचे तास त्या वर्गावर चालूच असतील तर तोंडी परीक्षेला दुसरे शिक्षक सोबत बसावेत अशी विनंती मुख्याध्यापकांना करता येते. ‘याचीच आई आली होती’ असं कोणी त्याच्यासमोर म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. आणि पंधरा दिवसांनी त्या पालकांना फोन करून विचारा, मूल आता कसं आहे, शाळेत यायला तयार असतं का.